खाली ठेवायचं राहिलेलं गाणं

लोरेटाला पुढच्या खोलीत बसवलं, तिथेच पहिली चूक झाली.

ब्रेनन्स कोव्ह या आमच्या मच्छीमार गावात पुढची खोली कुणासाठी असते, हे शेंबडं पोरही सांगेल. पाद्रीबाबांसाठी आणि प्रेतासाठी. बाकीच्यांनी मागच्या दारानं यावं, बूट पुसावेत आणि चुलीशी बसावं. पण घरातली लेक जेराल्डिन सेंट जॉन्स शहरात शाळेत शिकवायला लागल्यापासून तिला नसत्या रीती सुचायला लागल्या होत्या. सत्तावीस वर्षं नाव गाजवणारी आत्या बोस्टनहून आलीय, तिला काय कांद्या-बटाट्यांत बसवायचं? तिनं फॉन्सकाकाला हाताशी धरलं. आजीची शवपेटी निघाल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं, ते पुढचं दार उघडलंच नव्हतं. फॉन्सनं खांदा लावला, दोन शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे ते कुरकुरत उघडलं.

जेराल्डिनची आई जोहॅना मागे स्वयंपाकघरात होती. रविवारचं मोठं भांडं चुलीवर होतं. खारवलेलं मांस, कोबी, गाजरं, वर कापडात बांधून सोडलेलं मनुकांचं पुडिंग. टॅक्सीचा आवाज ऐकून ती हात पुसत बाहेर येईपर्यंत नणंद पुढच्या खोलीत, घोड्याच्या केसांच्या त्या टोचऱ्या सोफ्यावर, टोपी मांडीवर घेऊन बसलेली. एकसष्टाव्या वर्षीही पाठ ताठ. समोर भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याखाली बुडालेल्या भावाचा, लिओचा फोटो.

"जोहॅना," लोरेटा हळूच म्हणाली, "मी मेले का ग?"

जोहॅना हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. शाळेत एका बाकावर बसलेल्या या दोघी. लोरेटाच्या थोरल्या भावाशी, अँब्रोजशी जोहॅनानं लग्न केलं, त्याला बेचाळीस वर्षं झाली.

"सगळं लिहिलंयस ते खरं?" लोरेटानं तिच्या खांद्यात तोंड खुपसून विचारलं.

"खरं. उद्या सकाळी टॅक्सी. मंगळवारी ऑपरेशन."

"आणि आवाज?"

"डॉक्टर म्हणाले, घशातली ती पेटीच काढून टाकायची. जीव वाचेल, आवाज जाईल. अँबला माहीत आहे, मला आणि आपल्या पोरीला, जेरीला माहीत आहे. बाकी सगळ्यांना सांगितलंय, साधी गाठ आहे." जोहॅनानं डोळे पुसले. "तुला बोलावलंय हे त्याला ठाऊक नाही. आता जे व्हायचं ते होऊ दे."

तेवढ्यात मागच्या दारात बूट वाजले. अँब्रोज केअरीन खालच्या मासळीच्या शेडमधून वर आला होता. अडुसष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. गेल्या हिवाळ्यापासून आवाज असा झालेला, की गोटे-वाळूवरून होडी ओढावी.

"पुढचं दार उघडं दिसतंय," तो म्हणाला. "कोण गेलं?"

मग त्याला बहीण दिसली.

"लोरेटा."

"अँब."

"प्रवास बरा झाला?"

"धुकं होतं."

"असतं," तो म्हणाला, आणि हात धुवायला वळला. सत्तावीस वर्षांत बहीण-भाऊ दर भेटीला एवढंच बोलत आले होते. आईच्या मयतीतही एवढंच. फक्त त्या वेळी धुक्याच्या जागी बर्फ होतं.

*

बाहेरच्यांना हे सांगितलं तर ते हसतात, पण आमच्याकडे गाणं माणसाचं असतं. जशी होडी, जशी टोपी. अमक्याचं गाणं अमक्यानंच म्हणायचं. तो जिवंत आहे तोवर दुसऱ्यानं त्याला तोंड लावायचं नाही. त्यानं आपणहून 'घे, तुझं' म्हटलं तर गोष्ट वेगळी. आणि दुसरी रीत म्हणजे, गाणं गात गात संपवायचं नसतं. शेवटचे दोन-चार शब्द गायचे नाहीत, बोलायचे. साध्या आवाजात, शेजारणीला हाक मारावी तसे. त्याला गाणं खाली ठेवणं म्हणतात. विहिरीवरून बादली आणली की आपण ती दारात खाली ठेवतो ना, तसं. खाली ठेवलं नाही तर गाणं वरच राहतं, आणि त्यातली माणसं जिथे असतील तिथेच अडकून राहतात, असं म्हातारी मंडळी मानायची. खरंखोटं देव जाणे.

छत्तीस सालच्या ऑक्टोबरात मधला भाऊ लिओ गावातल्या आणखी दोघांबरोबर जाळी काढायला गेला आणि तिघंही परत आले नाहीत. बापानं, म्हाताऱ्या मिक केअरीननं, तो अख्खा हिवाळा चुलीशी बसून त्यांच्यावर गाणं रचलं. नऊ कडवी. मरताना ते त्यानं अँब्रोजला दिलं, सगळ्यांसमक्ष. त्यानंतर चौदा वर्षं दर नाताळला अँब्रोज टोपी डोळ्यांवर ओढायचा, शेजारच्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा. लोक खाडीच्या पलीकडून होड्या घालून ऐकायला यायचे.

लोरेटा तोवर सेंट जॉन्सला धुणीभांडी करून बोस्टनला पोचली होती. तिकडे आपल्यासारख्याच आयरिश वंशाच्या माणसांनी भरलेल्या हॉलांत गायला लागली. मग बावन्न साली तिची रेकॉर्ड निघाली. अँब्रोज खिळे आणायला दुकानात गेला होता, पंधरा माणसं काउंटरशी उभी होती, आणि रेडिओवर लोरेटा केअरीन त्याच्या बापाचं गाणं म्हणत होती. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. अँब्रोज खिळे तिथेच टाकून घरी आला. त्या नाताळपासून त्याच्या तोंडाला कुलूप. गाणं नाही, शीळ नाही, चर्चमध्ये स्तोत्रसुद्धा नुसते ओठ हलवून.

लोरेटा मात्र गात राहिली. साठच्या सुमारास दाढीवाली तरुण पोरं गिटारी घेऊन तिच्या पायाशी बसायला लागली, तिला मैदानांतल्या मोठमोठ्या जलशांना बोलावणी आली. घरात तिचं नाव निघालं की अँब्रोज उठून सरपण बघायला जायचा. केअरीनांच्या घरात सरपण कधी कमी पडलं नाही.

*

"स्वयंपाकघरात चल बाई," जोहॅना म्हणाली. "तिथे बसलीस तर फादर येऊन मरणाऱ्याला लावतात तसं तुला तेल लावून जातील."

जेवायला पाचजण. प्रार्थना झाली, वाढणं झालं. फॉन्स, केअरीनांचं शेंडेफळ, अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी त्याची जीभ थाऱ्यावर राहत नव्हती. त्यालाच तेवढं या घरात दोन्हीकडून बोलायची मुभा होती.

"आयर्लंडला गेलीस म्हणे," त्यानं तोंडात बटाटा घालत विचारलं. "आपले पूर्वज भेटले का? माझी विचारपूस केली का त्यांनी?"

"वॉटरफर्डला गेले होते," लोरेटा म्हणाली. "गाणं झाल्यावर एक म्हातारा काठी टेकत आला. म्हणाला, 'बाई, तू कुठल्या गावची? डोंगराच्या अलीकडची की पलीकडची?' म्हटलं, बाबा, मी समुद्राच्या पलीकडची. माझा पणजोबा इथून गेला, मी आज पहिल्यांदा पाय ठेवतेय. ऐकेचना! म्हणाला, 'खोटं बोलू नकोस. असं बोलणारी माणसं पाच मैलांच्या पुढे सापडत नाहीत. तू कुणाशी भांडून घर सोडलंस का?'"

फॉन्स खदखदून हसला. जेराल्डिनही. मग दोघांच्याही लक्षात आलं की अँब्रोज हसत नाहीये.

"मग काय सांगितलंस?" अँब्रोजनं ताटाकडे बघतच विचारलं.

जोहॅनाचा हात वाढता वाढता थांबला. सत्तावीस वर्षांत हवेपलीकडचा पहिला प्रश्न.

"'हो' म्हटलं," लोरेटा म्हणाली.

अँब्रोजनं मान हलवली. मग त्याला खोकला आला. खोकला थांबेना. जोहॅना उठली तसा त्यानं हातानंच तिला बसवलं. पाणी प्यायला, रुमालात तोंड पुसलं आणि रुमाल घाईनं खिशात कोंबला. त्यावर काय होतं ते लोरेटानं पाहिलं, आणि तिनं पाहिलेलं जोहॅनानं पाहिलं.

जेवण झाल्यावर तो चुलीजवळच्या दिवाणावर आडवा झाला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. दोघी भांडी घासायला लागल्या. खिडकीतून ऑगस्टचं ऊन थेट पाण्यात पडत होतं. खाली शेडच्या बाहेर मासळी वाळत घातली होती.

"तो झोपलाय?" लोरेटानं कुजबुजत विचारलं.

"तो? दुपारी कधी झोपलाय तो? ऐकतोय."

"ऐकतोय," टोपीखालून आवाज आला.

फॉन्सला असली शांतता सोसत नसे. शांतता दिसली की तो ती मोडायला धावायचा. त्यानं रमची बाटली काढली, बोटबोटभर ओतली आणि आपलं गाणं सुरू केलं. फॉन्सचं गाणं म्हणजे पाद्रीबाबांची कोंबडी कुणी खाल्ली त्याचं. गावात हे गाणं दुसरं कुणी म्हणत नाही, आणि कुणाला म्हणायची इच्छाही नाही. शेवटी "पिसं मात्र माझ्या दारात" हे शब्द तो बोलला, पेला आपटला, आणि लोरेटाकडे वळला.

"आता तू. बोस्टनला लोक रांगा लावतात म्हणे. आम्ही जेवायला घातलंय."

"माझ्याकडे काय आहे म्हणायला, फॉन्स?"

"ऐका! चाळीस वर्षं काय करत होतीस मग?"

"दुसऱ्यांची गाणी म्हणत होते."

"दुसऱ्यांची नव्हे," टोपीखालून अँब्रोज म्हणाला. "एकाचं."

झालं! जोहॅनानं हातातली ताटली पाण्यातच सोडून दिली. फॉन्सनं जीभ चावली. जेराल्डिन भिंतीशी सरकली. अँब्रोज उठून बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विचारलं का नाहीस?"

लोरेटानं ओले हात एप्रनला पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"दुसरं काही म्हणायचं होतंस."

"दुसरं नव्हतं रे माझ्याकडे. हॉलमध्ये सहाशे माणसं. सगळी कुठून कुठून आलेली, माझ्यासारखी फरशा पुसणारी. मॅनेजर म्हणाला, घराकडचं काहीतरी म्हण. मी डोळे मिटले. घराकडचं म्हणून मला तूच दिसलास, या दिवाणावर, टोपी ओढलेला. दुसरं काही दिसेचना. मी चोरी केली, अँब. कबूल आहे. पण उपाशी माणसानं करावी तशी केली."

अँब्रोजला बोलायला त्रास होत होता. एकेक वाक्य तो दम घेऊन उचलत होता.

"घेतलंस ते घेतलंस. त्याचा राग कधीच ओसरला. पण खाली का नाही ठेवलंस?"

लोरेटाचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं.

"शेवटची ओळ तू तीनदा म्हटलीस. मागे व्हायोलिनं. मग आवाज लहान लहान होत गेला आणि तसाच विरला. शेवटचे शब्द बोललीच नाहीस. लिओला पाण्यात ठेवलंस आणि आईला खिडकीशी उभी केलीस. आणि निघून गेलीस. आणि हे रोज, जगभर! मी काय गाणार त्यानंतर? वर लटकलेल्या गाण्याखाली बसून मी कसं गाणार?"

"मॅनेजर म्हणाला, असं मध्येच बोललं की लोकांना वाटतं गायिका चुकली."

"त्याला काय कळतंय?"

"त्याला नव्हतं कळत," लोरेटा म्हणाली. "मला कळत होतं." आणि तिनं मान खाली घातली.

आता या घरात बेचाळीस वर्षं जोहॅनाची जागा ठरलेली होती. नवऱ्याच्या बाजूला, आणि तोंड मिटून. नणंदेची पत्रं ती सरपणाच्या खोलीत उभी राहून वाचायची आणि उत्तरं चर्चच्या पायरीवर बसून लिहायची. पण आज सोमवारचा आदला दिवस होता. उद्यानंतर या माणसाशी भांडायचं म्हटलं तरी एकतर्फी भांडावं लागणार होतं, आणि त्यात काय राम?

"आता मी बोलते," ती म्हणाली.

सगळे वळले. फॉन्सच्या हातातला पेला तसाच राहिला.

"गाणं खाली ठेवलं नाही म्हणतोस. ठेवलंय. या स्वयंपाकघरात ठेवलंय, आणि एकदा नाही, शंभरदा."

"कोणी?"

"तुझ्या आईनं."

अँब्रोजच्या कपाळावर आठी पडली.

"तू होडी घेऊन गेलास की म्हातारी म्हणायची, 'जोहॅना, लाव ग जरा तो रेडिओ. पोरगी आज म्हणते का बघू.' कधी लागायचं, कधी नाही. लागलं की खुर्ची ओढून कान अगदी रेडिओच्या जाळीला लावायची. आणि शेवटी लोरेटाचा आवाज असा लहान लहान होत गेला ना, की म्हातारी स्वतः बोलायची ते शब्द. मोठ्यानं. 'आई वाट बघते आहे.' मग म्हणायची, 'झालं. बंद कर.' आणि उठून कामाला लागायची. चौदा वर्षं, अँब. मरायच्या आठवड्यातसुद्धा. मला वाटायचं लिओला म्हणतेय. नंतर कळलं, लिओला नव्हती म्हणत. लिओ यायचा नाही हे तिला ठाऊक होतं."

लोरेटानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचा रडण्याचा आवाजही येत नव्हता. नुसते खांदे हलत होते.

"आणि हे तू मला आज सांगतेस?" अँब्रोज म्हणाला.

"तिनं शपथ घातली होती. 'अँबला सांगू नकोस, त्याला वाटेल मी पोरीच्या बाजूची.' ती गेल्यावर सांगायला हवं होतं मी. तेवढी माझी चूक. पण तू सरपण बघायला पळायचास ना! सांगू कधी? आणि आज नाही तर केव्हा? मंगळवारनंतर तू मला उलट उत्तरसुद्धा देऊ शकणार नाहीस!"

ती हे बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो.

"म्हणजे?" फॉन्स म्हणाला. "उत्तर का नाही देऊ शकणार? अँब? गाठ आहे ना नुसती?"

"आवाजाची पेटी काढणार आहेत, काका," जेराल्डिन हळूच म्हणाली.

फॉन्सनं पेला खाली ठेवला. त्यानं उठून चुलीत एक लाकूड टाकलं, मग आणखी एक टाकलं आणि परत येऊन बसला. चूल आधीच लालभडक होती.

"उकडून मारशील," अँब्रोज त्याला म्हणाला. पण आवाज मऊ होता. मग त्यानं जोहॅनाकडे पाहिलं. "शंभरदा?"

"जास्तच."

"या खुर्चीवर?"

"त्या. फॉन्स बसलाय ती."

फॉन्स चटका बसल्यासारखा खुर्चीवरून उठला. अँब्रोजनं त्या रिकाम्या खुर्चीकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग त्यानं टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि डोळ्यांवर ओढली. गायला बसून टोपी अशी ओढलेली जोहॅनानं एक्कावन्नच्या नाताळनंतर पाहिली नव्हती.

जेराल्डिननंही ते पाहिलं. तिनं शहरातून आणलेला टेपरेकॉर्डर कपाटावर ब्रेडच्या डब्याआड ठेवला होता. पोरीचं काय चुकलं? बापाचा आवाज दोन दिवसांचा सोबती. तिनं हळूच हात लांब केला. बटण खटकन वाजलं.

"जेरी," लोरेटा म्हणाली, "बंद कर ते."

"आत्या, पण पुन्हा कधी..."

"मला ठाऊक आहे, बाळा. पण मशिनीत गेलेलं गाणं कसं होतं ते माझ्याइतकं इथे कुणाला माहीत नाही. बंद कर."

पुन्हा खटका वाजला. टोपीखाली अँब्रोजचं तोंड जरा हललं. हसला असावा. त्यानं उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"लोरेटा. इकडे ये."

ती दिवाणावर त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"ऐका माझ्या शेजाऱ्यांनो, ऐका तिघांची ही कहाणी,
ऑक्टोबरच्या त्या सोमवारी शांत होतं खाडीचं पाणी..."

आवाज कसला, आवाजाचं खोड तेवढं उरलं होतं. वरचे सूर लागतच नव्हते. जिथे लागत नव्हते तिथे तो नुसता शब्द ठेवून पुढे जायचा. पण वेळ चुकत नव्हती. कुठे थांबायचं, कुठे शब्द ओढायचा, कुठे सोडायचा, सगळं बापाचं. हात हळूहळू वर-खाली होत होता, लाटेवर होडी व्हावी तसा, आणि लोरेटाचा हात त्याच्याबरोबर. जोहॅना सिंकला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, आता थांबेल, आता खोकला येईल. चौथ्या कडव्यात आला. सगळे थांबले. तो गेला आणि अँब्रोजनं गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

सातव्याला श्वास पुरेना. तेव्हा लोरेटा खालून सुरात आली. इतकी हळू, की प्रथम कुणाला कळलंच नाही. तिनं त्याला मागे टाकलं नाही, पुढेही ओढलं नाही. सहाशे माणसांच्या हॉलांत भरणारा तो आवाज तिनं एवढासा केला आणि भावाच्या आवाजाच्या काखेत घातला. नववं कडवं दोघांनी मिळून म्हटलं.

"दिवा ठेवलाय खिडकीपाशी, किटली चुलीवर गाते आहे,
दार उघडंच आहे, लिओ..."

आणि अँब्रोज थांबला.

शेवटचे शब्द राहिले होते. ते त्यानंच बोलायचे होते. गाणं त्याचं होतं. जोहॅना वाट बघत होती. फॉन्सचे ओठ हलत होते. अँब्रोजनं टोपी वर सारली, बहिणीकडे पाहिलं आणि तिचा हात जरासा दाबला.

लोरेटाला कळायला क्षणभर लागलं. मग ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलली, साध्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं.

"आई वाट बघते आहे."

चुलीत लाकूड तडकलं.

"घे," अँब्रोज म्हणाला. "तुझं."

आमच्याकडे गाणं झालं की ऐकणाऱ्यांपैकी थोरानं म्हणायचं असतं, 'देव तुझा घसा राखो.' फॉन्सनं तोंड उघडलं, "देव तुझा..." म्हणाला आणि पुढे जाईना.

"म्हण की," अँब्रोज म्हणाला. "परवापर्यंत आहे अजून."

आधी लोरेटा हसली, मग फॉन्स रडता रडता हसला, आणि मग सगळेच. जोहॅनानं किटली चढवली. संध्याकाळपर्यंत कुणी स्वयंपाकघरातून उठलं नाही. जाताना फॉन्सनं पुढचं दार खांदा लावून बंद केलं.

*

सोमवारी सकाळी सातला टॅक्सी आली. धुकं होतं. अँब्रोजनं चर्चचा सूट घातला होता. जेराल्डिननं बॅगा ठेवल्या. जोहॅना मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि अँब्रोज फाटकाशी बहिणीपुढे उभा राहिला. लोरेटा इथेच राहणार होती, ते परत येईपर्यंत. चूल आणि मांजर तिच्यावर सोपवलं होतं.

आता हा काहीतरी बोलेल, असं जोहॅनाला गाडीतून वाटलं. एवढं झाल्यावर माणूस काहीतरी बोलेलच.

"शेवटचं कडवं तू घाईत म्हणतेस," अँब्रोज लोरेटाला म्हणाला. "काल बघितलं मी. 'दिवा' म्हटल्यावर थांब. दिवा लागू तरी दे. मग खिडकी."

"थांबेन," लोरेटा म्हणाली.

"नाताळला म्हण. मी ऐकायला असेन."

तो गाडीत येऊन बसला. सेंट जॉन्सपर्यंत अडीच तासांचा रस्ता. बेचाळीस वर्षांत एका बैठकीत वीस वाक्यं न बोललेला तो माणूस त्या दिवशी अडीच तास बोलला. मागच्या सीटवर, बायकोचा हात हातात घेऊन, त्या फाटक्या आवाजात. पुढे बसलेल्या जेराल्डिनला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तिनं आरशात एकदा पाहिलं तेव्हा आई हसत होती, पुन्हा पाहिलं तेव्हा डोळे पुसत होती.

दोन आठवड्यांनी जोहॅना एकटीच दोन दिवस घरी आली, त्याचे कपडे न्यायला. ऑपरेशन नीट झालं होतं. तो पाटीवर खडूनं लिहीत होता, आणि नर्सशी पाटीवरून भांडतही होता. लोरेटानं चहा ओतला, समोर बसली, आणि राहवेना तेव्हा विचारलंच.

"जेरी म्हणत होती, गाडीत सारखा बोलत होता. काय म्हणाला ग?"

जोहॅनानं बशी पुढे ओढली. चहात दूध घातलं, हळूहळू ढवळलं.

"ते माझं आहे," ती म्हणाली.